हालचाल आणि मनाची उभारी
महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

(विद्यार्थी व पालक यांच्यासाठी आयोजित व्याख्यानाचा लेखी पाठ)



चेंबूरच्या डायमंड गार्डनकडे सकाळच्या वेळी फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दिसते. फेऱ्या घालणाऱ्यांत साठी उलटलेली मंडळी पुष्कळ असतात. कुणाला डॉक्टरांनी साखरेसाठी चालावयास सांगितलेले असते, कुणाला गुडघ्यांसाठी, कुणाला हृदयासाठी. त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरून पाठीवर जड पिशव्या घेतलेली तरुण मुले-मुली शिकवणीकडे किंवा स्थानकाकडे घाईघाईने जात असतात. बागेत त्यांच्यापैकी क्वचितच कुणी वळते. आयुष्याची जमाखर्चाची वही भरत आली की माणसाला चालण्याचे महत्त्व कळते. वहीचे पहिले पान उघडलेल्यांना मात्र ते कुणी सांगत नाही. सांगितलेच, तर शरीराच्या आरोग्यासाठी म्हणून सांगितले जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. शरीराच्या हालचालीचा विद्यार्थ्याच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो, हा तो विषय होय.

चेंबूर-देवनार परिसराला विद्येचा मोठा वारसा आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९५४ सालापासून देवनारला आहे. तिच्या शेजारीच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये, आचार्य-मराठे महाविद्यालय, शाह अँड अँकर कच्छी अभियांत्रिकी महाविद्यालय अशी विद्यालये एकमेकांपासून फार दूर नाहीत. हजारो तरुण रोज या परिसरात येतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या गुणपत्रिकांची चर्चा घरोघरी होते. त्यांच्या मनाची चौकशी मात्र बहुधा फार उशिरा होते.

एक नेहमीचे चित्र

एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. तो काल्पनिक आहे. परंतु त्याला ओळखत नाही असे घर विरळा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. पनवेलहून हार्बर मार्गाने चेंबूरला येतो. येण्याजाण्यात रोज दोन-अडीच तास जातात. शाळेत असताना तो गल्लीत क्रिकेट खेळत असे. महाविद्यालयातही पहिल्या वर्षी रविवारची सकाळ मित्रांसोबत मैदानावर जात असे. पहिल्या वर्षाच्या निकालात दोन विषयांत केटी लागली आणि घरात न बोलता एक निर्णय झाला : आता खेळ बंद. बॅट माळ्यावर गेली. मुलगा रविवारीही टेबलाशी बसू लागला. आई-वडिलांना समाधान वाटले. नातेवाइकांनाही सांगण्यात आले की मुलगा आता गंभीरपणे अभ्यासाला लागला आहे.

प्रत्यक्षात तो तीन-तीन तास एकाच पानासमोर बसून असतो. डोळे पुस्तकात आणि मन गेल्या निकालात. रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. मित्रांचे फोन घेणे कमी होते. तो आळशी झालेला नाही, उद्धटही झालेला नाही. त्याची मनःस्थिती खालावत चालली आहे. आणि जी एक गोष्ट ती सावरू शकली असती, तीच सर्वप्रथम त्याच्या दिनक्रमातून काढून टाकण्यात आली आहे.

आजच्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याच चित्रात आहे. विद्यार्थी अडचणीत आला की त्याची हालचाल प्रथम थांबते आणि घर त्या थांबण्याचे कौतुक करते. खेळ सुटणे ही पुष्कळदा शिस्तीची खूण नसून उदासीनतेची पहिली पायरी असते.

ही बाब किती गंभीर आहे, हे सांगण्यास एक आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. या प्रत्येक घटनेमागची कारणे वेगवेगळी असतात. व्यायाम केला असता तर हे सारे टळले असते, असे म्हणणे अज्ञानाचे आणि त्या कुटुंबांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु तरुण मनावरचा भार किती वाढला आहे, याची कल्पना या आकड्यावरून येते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नावर राष्ट्रीय कृती दल नेमले, यावरूनही त्या भाराची दखल किती वरच्या पातळीवर घेतली गेली हे कळते.

लोकमान्यांचे एक वर्ष

चेंबूरला लागूनच टिळकनगर आहे. ज्या लोकमान्यांचे नाव या वसाहतीला आणि तिच्या रेल्वे स्थानकाला मिळाले, त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. १८७३ साली बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. बुद्धी तीव्र, पण शरीर तिला साथ देईल असे नव्हते. हे ओळखून त्यांनी कॉलेजातील पहिले वर्ष जवळजवळ संपूर्ण शरीर कमावण्यात घालविले. तालीम, कुस्ती, पोहणे आणि पोटभर आहार हाच त्या वर्षाचा अभ्यासक्रम झाला. त्या वर्षीच्या परीक्षेत त्यांना अपयश आले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे याच विद्यार्थ्याने गणित विषय घेऊन पदवी परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात, मधुमेहासारखा विकार जडलेला असताना, त्यांनी गीतारहस्य हा ग्रंथ लिहिला. तो तुरुंगवास सोसण्याचे बळ त्या एका वर्षात कमावलेल्या शरीराने दिले, असे त्यांची चरित्रे वाचताना वाटल्यावाचून राहत नाही.

आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याने एक वर्ष परीक्षा बाजूला ठेवावी, असा या प्रसंगाचा अर्थ नाही. लोकमान्यांना एक वर्ष द्यावे लागले. आजच्या विद्यार्थ्याने दिवसातील अर्धा तास द्यावा, एवढेच मागणे आहे. लोकमान्यांचे उदाहरण शरीराच्या बळाचे आणि सोशिकतेचे आहे. मनःस्थितीविषयी बोलताना मात्र केवळ थोरांची उदाहरणे देऊन भागणार नाही. त्यासाठी अलीकडच्या संशोधनाकडे वळावे लागेल.

संशोधन काय सांगते

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या विषयावर जगभर विपुल संशोधन झाले आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नैराश्याने ग्रासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ व्यक्तींचे तीन गट करण्यात आले. एकाला औषध, दुसऱ्याला नियमित व्यायाम आणि तिसऱ्याला दोन्ही. औषधाचा गुण लवकर दिसला. परंतु सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळजवळ सारखीच आढळली. प्रयोग सुरू झाल्यापासून दहा महिन्यांनी पाहिले असता, व्यायाम करून बऱ्या झालेल्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते.

हा प्रयोग प्रौढांवरचा होता. त्यानंतर २०१८ साली ४९ दीर्घकालीन पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. त्यांत २,६६,९३९ व्यक्तींचा समावेश होता. अधिक हालचाल करणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी कमी होती आणि हा फायदा तरुण, प्रौढ व वृद्ध अशा सर्व वयोगटांत दिसला. २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २१८ प्रयोगांचा, म्हणजे १४,१७० रुग्णांचा विचार झाला. चालणे किंवा संथ धावणे, योगासने आणि वजने उचलण्याचा व्यायाम यांचा नैराश्यावर चांगला उपयोग होतो, असे त्यात आढळले. या तिन्हींपैकी एकालाही महागडे साहित्य अपरिहार्य नाही, हे विशेष.

हे घडते कसे, याची उत्तरे अनेक आहेत आणि ती परस्परपूरक आहेत. श्रमाने मेंदूत वेदना शमविणारी व प्रसन्नता आणणारी रसायने वाढतात. जर्मनीत २००८ साली दहा धावपटूंच्या मेंदूचे, दोन तासांच्या धावण्यापूर्वी आणि नंतर, चित्रण करण्यात आले. तेव्हा एंडॉर्फिन या द्रव्याचा प्रभाव वाढल्याचे आणि त्याबरोबर आनंदाची जाणीवही वाढल्याचे दिसले. अर्थात प्रसन्नतेसाठी दोन तास धावण्याची आवश्यकता नाही; पाऊण-अर्ध्या तासाच्या चालण्यानंतरही काही तास मन हलके राहते, हा चालणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे.

दुसरे कारण झोपेचे. दिवसा शरीर श्रमले की रात्री झोप गाढ लागते आणि पुरेशी झोप मिळालेल्या विद्यार्थ्याला तीच अडचण दुसऱ्या दिवशी लहान वाटते.

तिसरे कारण परीक्षेच्या भीतीशी निगडित आहे. प्रश्नपत्रिका हातात येताच छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास वाढतो आणि विद्यार्थी त्या लक्षणांनाच घाबरतो. जो रोज जिना चढतो, धावतो किंवा खेळतो, त्याला हीच धडधड ओळखीची असते. ती वाढते आणि थोड्या वेळाने आपोआप उतरते, हे त्याच्या शरीराला ठाऊक झालेले असते.

चौथे कारण सर्वांत साधे आहे. रेशमी साडी वर्षानुवर्षे एकाच घडीत कपाटात राहिली, की ती नेसून फाटत नाही, घडीवरच चिरते. म्हणून जाणत्या गृहिणी वर्षातून एक-दोनदा घडी मोडून निराळी घालतात. उदास मनही एकाच विचाराच्या घडीत पडून राहते : निकाल, फी, घरची अपेक्षा, पुन्हा निकाल. विचाराने विचाराची घडी मोडता येत नाही. पाय चालू लागले, नजर झाडावर, माणसांवर, रस्त्यावर गेली, की ती घडी काही काळ तरी उलगडते.

पहिली दहा मिनिटे

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. हालचालीने बरे वाटते हे जर इतके स्पष्ट आहे, तर विद्यार्थी ती स्वतःहून का करीत नाहीत?

याचे उत्तरही संशोधकांनी शोधले आहे आणि आजच्या विषयातील तो सर्वांत उपयुक्त भाग आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना सुमारे पाव तास बाहेर, झाडांच्या आणि पाण्याच्या कडेने चालावयास पाठविले. इतरांना विद्यापीठाच्या इमारती जोडणाऱ्या भुयारी मार्गातून चालविले. निघण्यापूर्वी काहींना विचारले होते, की चालून आल्यावर कसे वाटेल? बाहेर चालून आलेले विद्यार्थी अधिक प्रसन्न होते. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की बाहेर चालल्याने किती बरे वाटेल याचा विद्यार्थ्यांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षाहून कमी होता. त्याच वर्षी कॅनडातीलच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यायामाबाबत असाच निष्कर्ष मांडला. व्यायाम आवडेल की नाही याचा विचार करताना माणूस त्यातील केवळ सुरुवातीचा, नकोसा वाटणारा भाग डोळ्यांसमोर आणतो आणि पुढच्या आनंदाचा अंदाज कमी बांधतो.

सामान्य मनाची ही स्थिती, तर उदास मनाची काय असेल? उदास मन ठामपणे सांगते, की बाहेर जाऊन काही उपयोग नाही. अंगात त्राण नाही, मित्र काय म्हणतील, उद्या पाहू. हे सांगणारे मन खोटे बोलत नसते. त्याला तसेच वाटत असते. परंतु त्याचा अंदाज चुकलेला असतो. नादुरुस्त तराजूवर तोललेल्या मालाचे वजन कुणी खरे मानीत नाही. उदासीनतेच्या तराजूवर उद्याच्या फेरफटक्याचे वजनही कमीच भरणार.

यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. इच्छा होण्याची वाट पाहू नये. निर्णय फक्त पहिल्या दहा मिनिटांचा करावा. चपला घालून खाली उतरावे आणि दहा मिनिटे चालावे. त्यानंतर परतावेसे वाटले तर खुशाल परतावे. बहुतेक वेळा परतावेसे वाटत नाही. आणि ज्याला ही दहा मिनिटेही एकट्याने जमत नाहीत, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी तरी खालून हाक मारली पाहिजे. उपदेशाने जे होत नाही, ते पुष्कळदा एका हाकेने होते.

किती आणि कसे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे करावी. मध्यम श्रम ओळखण्याची युक्ती अशी, की चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. रोजचा अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, एवढ्यात हा हिशेब पूर्ण होतो. त्याहून कमी जमले तरी काहीच न करण्यापेक्षा ते निश्चित चांगले. याउलट पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत धावणे हितावह नाही. श्रम सहनशक्तीपलीकडे गेले, की करताना मन उलट खट्टू होते आणि नवखा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी येत नाही.

काही पालक म्हणतात, की मुले लोकलच्या गर्दीत उभी राहतात, पूल चढतात-उतरतात, तेवढा व्यायाम पुरे. या म्हणण्यात तथ्य थोडे आहे. स्थानकापर्यंत चालत जाणे निश्चित उपयोगी. परंतु दमणे आणि प्रसन्न होणे या भिन्न गोष्टी आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात असे दिसले, की फावल्या वेळेत स्वेच्छेने केलेल्या हालचालीचा चांगल्या मानसिक आरोग्याशी संबंध आढळतो. कामाच्या ठिकाणी नाइलाजाने करावयाच्या श्रमांचा तसा आढळत नाही. विद्यार्थ्याला स्वतः निवडलेली, आवडीची आणि शक्यतो सोबतीची हालचाल हवी. ती कबड्डी असेल, गरबा असेल, ढोल-ताशाचा सराव असेल किंवा मैत्रिणीबरोबरचा फेरफटका असेल. पदक मिळविण्याची त्यात काही आवश्यकता नाही. शालेय जीवनात खेळात मागे पडलेली मुले पुढे हालचालीपासून कायमची दूर जातात, ही स्पर्धेने केलेली हानीच होय.

चेंबूरमधील अडचणी

उपदेश करणे सोपे आहे. चेंबूरसारख्या उपनगरात तो आचरणात आणणे सोपे नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पहिली अडचण जागेची. मुंबईत मोकळ्या जागेचे प्रमाण माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर असल्याचे वारंवार सांगितले जाते. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला सतरंजीएवढी जागा. जुन्या बैठ्या वसाहतींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत आणि अंगणांची जागा वाहनतळ घेत आहेत. दुसरी अडचण हवेची. माहुल-तुर्भे पट्ट्यातील तेलशुद्धीकरण व रसायन उद्योग आणि पूर्व द्रुतगती महामार्गावरील वाहतूक यांमुळे, विशेषतः हिवाळ्यात, हवा जड असते. अशा दिवसांत रहदारीच्या रस्त्यालगत धावणे टाळावे, हवा फारच खराब असेल तर घरातच हालचाल करावी. तिसरी अडचण पावसाची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदाने चिखलाने भरलेली असतात.

या तिन्ही अडचणींवर महाराष्ट्राच्या परंपरेत उत्तर आहे. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार आपल्या संस्थानातील शाळांतून केला. त्याला सतरंजीएवढीच जागा लागते. सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट १९१८ साली आणि लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ साली स्थापन झाले. मुंबईच्या दाराशी शंभर वर्षांहून अधिक काळ हे शिक्षण उपलब्ध आहे. उंच इमारतींनी अंगण हिरावले असले, तरी जिने दिले आहेत. पावसाळ्यात पाच-सहा मजले दोनदा चढणे-उतरणे हा उत्तम व्यायाम आहे.

चौथी अडचण मुलींची आहे आणि तिच्याविषयी कमी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. महाविद्यालयातून परतणाऱ्या मुलीला स्वयंपाकघरातील मदत वाट पाहत असते, अंधार पडल्यावर बाहेर जाऊ दिले जात नाही आणि मैदानावर मुलांचाच ताबा असतो. भावासाठी क्रिकेटचा संच विकत घेणाऱ्या घराने मुलीसाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवला, तर त्याला एक रुपयाही खर्च येणार नाही.

खर्च कोणत्या खात्यावर?

व्यापारी समाजाला हिशेबाची भाषा जवळची वाटते. घरोघरी मुलाच्या खेळण्याचा तास खर्चाच्या बाजूला लिहिला जातो. अभ्यासातून वजा झालेला वेळ, अशी त्याची नोंद होते. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो, की महसुली खर्च निराळा आणि भांडवली खर्च निराळा. दुकानातील विजेचे बिल त्याच महिन्यात संपते. पण यंत्र घेतले तर ते पुढे अनेक वर्षे उत्पन्न देते. हालचालीचा अर्धा तास हा दुसऱ्या प्रकारचा खर्च आहे. त्यातून पुढचे दोन तास एकाग्रतेने वाचता येते, रात्रीची झोप मिळते आणि मनाचा घसारा भरून निघतो. तीन तास एकाच पानासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचा खरा तोटा कोणत्याच वहीत दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षणव्यवस्थेनेही आता हे मान्य केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांची शारीरिक सुदृढता, क्रीडा आणि मानसिक-भावनिक स्वास्थ्य यांविषयी एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवी आराखड्यात क्रीडा, योग, आरोग्य, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक देण्यात येतात. पवईच्या आयआयटीत तर पहिल्या वर्षी क्रीडा, छात्रसेना किंवा सेवा योजना यांपैकी एकात सहभाग पूर्वीपासूनच आवश्यक आहे. परंतु श्रेयांकासाठी भरलेली हजेरी आणि मनासाठी केलेली हालचाल यांत अंतर राहते. ते अंतर घर आणि समाजच भरून काढू शकतात.

सामाजिक संस्थांना येथे बरेच करता येण्याजोगे आहे. अनेक संस्थांची सभागृहे सकाळी सहा ते आठ या वेळात रिकामी असतात. आठवड्यातील तीन दिवस ती परिसरातील विद्यार्थ्यांना योगासने, सूर्यनमस्कार किंवा टेबल टेनिससाठी खुली करता येतील. त्यांतील एक दिवस केवळ मुलींसाठी राखता येईल. शिष्यवृत्तीचे धनादेश दरवर्षी दिले जातात, ते योग्यच आहे. त्याबरोबर प्रत्येक शिष्यवृत्तिधारकामागे एक ज्येष्ठ सोबती नेमावा आणि त्याने महिन्यातून दोनदा त्या विद्यार्थ्याबरोबर चालावयास जावे. बागेत एकट्याने फेऱ्या मारणारे ज्येष्ठ आणि बागेबाहेरून घाईने जाणारे तरुण यांची गाठ त्यामुळे पडेल. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते बरोबर चालताना सहज बोलले जाते.

मर्यादा

औषध म्हणून ज्याची शिफारस करावयाची, त्याची मर्यादाही सांगणे हे कर्तव्य होय. हालचाल मनाला आधार देते. ती प्रत्येक आजाराचा उपचार नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, झोप व भूक यांत मोठा बदल, कोणत्याच गोष्टीत रस न वाटणे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे, यांपैकी काही आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये. अशा मुलाला "जरा व्यायाम कर, सगळे ठीक होईल" असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला धावावयास सांगण्यासारखे आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. देवनारच्या टाटा संस्थेनेही २०१२ साली आयकॉल ही समुपदेशन सेवा सुरू केली. चेंबूरकरांच्या शेजारीच हे कार्य उभे राहिले, ही अभिमानाची बाब आहे. मदत मागण्यात कमीपणा नाही, हे मुलांना परीक्षेपूर्वी सांगावे. निकालानंतर सांगण्यात फार उशीर होतो.

समारोप

पालकांना एकच विनंती आहे. मुलाची बॅट माळ्यावर जाईल, मुलगी मैत्रिणींबरोबर फिरावयास जाणे बंद करील, नाचाच्या सरावाला कुणी जाईनासे होईल, त्या दिवशी समाधान मानू नये. त्या दिवशी थांबून विचारावे. उत्तर मिळेलच असे नाही. मग पुन्हा प्रश्न न विचारता चपला घालाव्यात आणि म्हणावे, "चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

आणि विद्यार्थी मित्रांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की "काही उपयोग नाही" असे मन सांगेल, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये. त्याला दहा मिनिटे बरोबर घेऊन चालावे. बागेचे दार त्यांच्यासाठीही उघडेच आहे.